गोंद वाळतो तेवढ्यात

पहाटे ४:४५. डिसेंबरात पंखा लावावा लागत नाही, पाण्याच्या मोटारी सुरू व्हायला अवकाश असतो आणि विश्रामबागेतून मिरजेकडे जाणारा रस्ता रिकामा असतो. गिटारच्या ध्वनिमुद्रणाला मला एवढंच लागतं. पावणेसहाच्या सुमारास अजान होते, पाठोपाठ देवळातली घंटा वाजते, मग दूधवाल्याची मोटरसायकल येते. आमच्या इमारतीची मोटार चालू झाली की माझा मायक्रोफोन बंद. तोवरचा तास माझा.

हाच तास रात्री का मिळत नाही, असं मला पुष्कळ जण विचारतात. सांगली-मिरजेत रात्री अकरानंतरही शेजारचे टीव्ही चालू असतात, कुत्री असतात आणि गळीत हंगामात उसाचे ट्रॅक्टर मोठ्या आवाजात गाणी लावून कारखान्याकडे जात असतात. शिवाय दिवसभर आकडे तपासलेला माणूस रात्री तारा छेडतो तेव्हा हात चालतो, पण कान थकलेला असतो. वाजवताना ते जाणवत नाही, दुसऱ्या दिवशी ऐकताना जाणवतं.

आधी हात कोमट पाण्यात धरायचे आणि दहा मिनिटं अगदी संथ स्केल्स वाजवायच्या. मग मायक्रोफोन बाराव्या फ्रेटसमोर, वीतभर अंतरावर. नवशिके तो नेमका गिटारच्या भोकासमोर ठेवतात. तिथे पोटातली हवा शंभर हर्ट्झच्या आसपास घुमत असते, आणि आमच्यासारख्या दहा बाय दहाच्या खोलीत ती घुम इतकी फुगते की बाकीचे सूर तिच्याखाली दबून जातात. पाठीमागे कपडे वाळत घालायच्या स्टँडवर दोन जाड गोधड्या टाकलेल्या असतात, त्यामुळे भिंतीवरून परतणारा आवाज बराच मरतो. मुद्रण २४ बिटचं असल्यामुळे पातळी काठोकाठ भरायची गरज नाही, थोडी खालीच ठेवतो. तीन-चार टेक घेतो आणि थांबतो. त्यापुढे घेतलेला टेक आधीच्यांपेक्षा चांगला निघाल्याचं मला तरी आठवत नाही.

संगणकावर आज शेकडो ट्रॅक मिळतात. मी चारच वापरतो, आणि ते जाणूनबुजून. १९८२ च्या जानेवारीत गायक ब्रूस स्प्रिंगस्टीननं न्यू जर्सीतल्या भाड्याच्या घरात टीॲकच्या चार ट्रॅकच्या कॅसेट यंत्रावर गाणी मुद्रित केली. पुढे ती बँडला घेऊन स्टुडिओत पुन्हा करून पाहिली, पण शेवटी ‘नेब्रास्का’ या अल्बमच्या नावानं बाहेर आला तो घरच्याच कॅसेटवरचा आवाज. मला त्यात सगळ्यांत मोलाची वाटते ती चार ट्रॅकची मर्यादा. काय वाजवायचं आणि काय गाळायचं हे यंत्र चालू करण्यापूर्वीच ठरवावं लागतं, आणि ठरवण्याचं हे काम स्कूटरवर किंवा भाजी निवडतानाही होतं. नोकरदाराला ही फार मोठी सोय आहे.

५:५०. बंदिस्त केलेल्या बाल्कनीत माझं कामाचं टेबल आहे. तिथे मी गिटार घडवतो. काल रात्री तिच्या वरच्या फळीला आतून एक आडवी पट्टी चिकटवली होती, तिच्यावरच्या बांबूच्या कामट्या आता काढायच्या. ही युक्ती जुनी आहे. खाली एक पक्का पाट, वर तसाच दुसरा, आणि मधल्या जागेपेक्षा किंचित लांब कामट्या वाकवून उभ्या ठोकायच्या. सरळ व्हायच्या ओढीनं त्या पट्टीवर सारखा दाब देत राहतात. एका फळीला पंधरा-वीस लोखंडी क्लॅम्प घ्यायचे म्हटले तर खिसा हलका होतो. कामटी बुरूडआळीत मिळते.

पिवळ्या गोंदाला तासभर दाब पुरतो, पण पूर्ण ताकद यायला चोवीस तास लागतात. वाद्य घडवण्याचा बराचसा वेळ असाच असतो. त्यात माणसाचं काम थोडं, लाकडाचं आणि गोंदाचं फार. मी झोपेत असताना पट्टी चिकटत होती, मी बँकेत बसेन तेव्हा ती आणखी पक्की होईल. नोकरी करून गिटार कशी होणार, या प्रश्नाचं माझं उत्तर हेच आहे. मला रोज तास-दीड तास हात लावायला मिळाला की पुरतो, बाकीचे तास माझ्याविना खर्च व्हायचेच असतात.

भिंतीवर आर्द्रतामापक आहे. आज ४८ टक्के. पंचेचाळीस ते पन्नासच्या दरम्यान काटा असला तरच मी वरच्या फळीला गोंद लावतो. आषाढ-श्रावणात आमच्याकडे तो ऐंशीच्या वर जातो. तेव्हा पाणी पिऊन फुगलेली फळी चिकटवली, की चैत्रात ती आक्रसते आणि शिरेवरून तडकते. म्हणून पावसाळ्यात मी मानेचं लाकूड तासतो, पटाश्यांना धार लावतो आणि वाजवतो जास्त. माझं वर्ष असं हवेच्या पाण्यावर बेतलेलं आहे.

६:१० ते ६:५० सराव. समोर मात्तेओ कार्कासीच्या ओपस ६० मधल्या पंचवीस अभ्यासांपैकी एक, आणि पहाटेच्या टेकमध्ये जी जागा निसटली ती. अख्खी रचना वाजवून काढण्याचा मोह टाळतो. दोन मापं घेतो, मेट्रोनोम निम्म्या गतीला लावतो आणि अनामिकेचा आघात मधल्या बोटाइतका भरीव होईपर्यंत तिथेच राहतो. तिन्ही कामांत सराव मी कधीच सोडत नाही. घरात पाहुणे असले, मार्चअखेर असली, की पहिल्यांदा मुद्रण जातं, मग टेबल. वाजवणं मात्र दहा मिनिटं का होईना, होतंच. गोंद थांबून राहतो, बोटं थांबत नाहीत.

सातपासून घर जागं. डबे, मुलीची शाळा, आईची औषधं. ९:३० ला स्कूटर काढतो, दहाला मिरजेच्या शाखेत असतो.

बँकेत मी बँकेचंच काम करतो. कर्जाच्या फायलीखाली सुरावटी लिहिणाऱ्यांतला मी नाही, आणि त्यामुळेच साडेपाचला डोकं मोकळं घेऊन बाहेर पडता येतं. जेवणाच्या सुट्टीत तेवढं इयरफोनवर पहाटेचे टेक ऐकतो. वाजवल्यानंतर आठ तासांनी, दुसऱ्या जागी, भाजी-भाकरी खाताना ऐकलं की कान तटस्थ होतो. कोणता टेक ठेवायचा ते पहिल्या ऐकण्यातच ठरतं, आणि बाकीचे घरी गेल्यावर पुसून टाकतो. टेक साठवून ठेवणाऱ्यांचे रविवार निवडण्यात जातात.

त्याच सुट्टीत वहीत फ्रेटचं गणितही होतं. गिटारची मोकळी तार ६५० मिलिमीटरची धरली, तर तिला १७.८१७ नं भागायचं. पहिला फ्रेट ३६.४८ वर येतो. उरलेल्या ६१३.५२ ला पुन्हा तोच भाजक, की दुसरा आणखी ३४.४३ पुढे. असं करत बारावा बरोबर ३२५ वर, तारेच्या मध्यावर यायला हवा, नाहीतर कुठेतरी चुकलं आहे. पट्टीवर खुणा करताना मात्र प्रत्येक अंतर वरच्या टोकापासूनच मोजायचं. मागच्या फ्रेटपासून पुढचा मोजत गेलं, तर पेन्सिलीच्या जाडीएवढा फरक साठत साठत शेवटच्या फ्रेटना बेसूर करतो.

५:४५. बुधवारी मी थेट घरी जात नाही, सतारमेकर गल्लीत जातो. मिरजेत हत्यारं घडवणाऱ्या शिकलगारांनी एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यं दुरुस्त करायला आणि मग घडवायला घेतली. फरीदसाहेब शिकलगारांचं नाव त्या आरंभाशी जोडलेलं आहे. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. ज्या कारागिरांकडे मी बसतो, त्यांना मी चाचा म्हणतो. ते मला अजून साहेबच म्हणतात. त्यांच्या दुकानात पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले कडू भोपळे आढ्याला टांगलेले असतात, एका तानपुऱ्याची दांडी नुकती जोडलेली असते, दुसऱ्याच्या तबलीला, म्हणजे वरच्या फळीला, पॉलिशचा हात दिलेला असतो, आणि चाचा तिसऱ्याच्या घोडीवर कानस फिरवत जवारी काढत असतात. एकाच वाद्यावर आरंभापासून शेवटपर्यंत बसलेला कारागीर मी तिथे पाहिला नाही. जे सुकतंय त्याला सुकू द्यायचं आणि जे तयार आहे ते हातात घ्यायचं. मी दोन गिटारी एकाच वेळी वेगवेगळ्या टप्प्यांवर ठेवायला लागलो, तो इथे बसून.

आज गिटारच्या मेरूसाठी, म्हणजे नटसाठी, हाडाची एक पट्टी घेतली. चाचांनी तबलीचा तुकडा कानाशी धरून बोटाच्या पेरानं ठोकला आणि माझ्यापुढे केला. “ऐका साहेब. हा बोलतो. तो तिकडचा मुका आहे.” मी दोन्ही ठोकून पाहिले. फरक होता, आणि तो कुठल्याही मापकावर मला दिसला नसता.

गिटारच्या मागच्या आणि बाजूच्या फळ्यांसाठी लाकूड मी बाजारातून आणलेलं नाही. आजोळच्या वाड्यातल्या मोडक्या शिसवी कपाटाच्या त्या फळ्या आहेत, तीन पिढ्या वाळलेल्या. गिटारवादक ब्रायन मे आणि त्याच्या वडिलांनी १९६३ मध्ये घरीच गिटार करायला घेतली, तेव्हा मानेसाठी जुन्या शेकोटीच्या चौकटीचं महॉगनी वापरलं होतं आणि स्प्रिंगा जुन्या मोटरसायकलच्या इंजिनातल्या. तिला जवळपास दोन वर्षं लागली. पुढे तीच गिटार क्वीनच्या गाण्यांत वाजली.

८:३०. जेवणं झाली, मुलीचा गृहपाठ झाला. आवाजाची कामं आधी: करवत, रंधा, कानस. नऊनंतर खालच्या काकांना त्रास नको, म्हणून मग मुकी कामं. वरच्या फळीला मी सगळ्यांत जास्त वेळ देतो. गिटारकार आंतोनियो दे तोरेसनं १८६२ मध्ये एक गिटार केली होती, तिची पाठ आणि बाजू कागदाच्या लगद्याच्या होत्या, वरची फळी तेवढी लाकडाची. आवाज मुख्यतः वरच्या फळीतून येतो हे त्याला दाखवायचं होतं. हातात थोडेच तास असलेल्या माणसानं ते कुठे खर्चावेत, याचा याहून स्पष्ट सल्ला मला माहीत नाही. म्हणून पाठीच्या फळीची नक्षी साधी ठेवली आहे, आणि वरची स्प्रूसची फळी २.८ मिलिमीटरपर्यंत उतरवताना रंध्याच्या दर दोन-तीन हातांनी थांबून ठोकत गेलो.

आज तिरप्या पट्ट्यांपैकी दुसरी. जिथे ती पहिलीला छेदते, तिथली खाच पटाशीनं एकेक साल काढत बसवली. दिव्यासमोर धरल्यावर फट दिसेना, तेव्हा गोंदाचा पातळ हात दिला, पट्टी दाबली, कामट्या एकेक करून उभ्या केल्या. कडेनं मण्यांसारखा गोंद बाहेर आला म्हणजे दाब सगळीकडे सारखा पडला. ओल्या फडक्यानं तो पुसला.

१०:०० ला हेडफोनवर सकाळचा ठेवलेला टेक उघडतो, सुरुवातीचा आणि शेवटचा श्वास कापतो, फाइलला तारीख देतो. आवाज बसवण्याचं काम हेडफोनवर करत नाही, ते रविवारी दिवसाउजेडी, स्पीकर हळू ठेवून. गिटारच्या तारा परवाच बदलल्या आहेत, आता त्या सुरात टिकायला लागल्या असतील. वहीत उद्याचं लिहितो. पहाटे: दुसऱ्या ट्रॅकवर खर्जाची साथ, फक्त अंगठा. टेबल: पट्टीची कड उतरवायची, आर्द्रता पाहून. संध्याकाळी सोसायटीची बैठक आहे, तेव्हा गोंद नाही.