राणीच्या डब्यावरची सोनेरी रेघ

१ जून १९३० रोजी दख्खनची राणी धावू लागली, तेव्हा तिचे सात-सात डब्यांचे दोन रेक होते. एक रुपेरी, लालभडक पट्ट्यांचा. दुसरा गडद निळा, सोनेरी रेघांचा. डब्यांचे खालचे सांगाडे इंग्लंडचे, पण वरचे डबे बांधले गेले ते आपल्या माटुंग्याच्या कारखान्यात. तो निळा रेक मला संगणकाच्या पडद्यावर धावताना पाहायचा होता.

मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटर २००१ साली आला, तेव्हा त्यात सहा मार्ग होते आणि भारतातला एकही नव्हता. आपल्या गाड्या त्यात आणल्या त्या हौशी मंडळींनी. त्यासाठी बनवलेली मॉडेल्स आज ‘ओपन रेल्स’ या मोफत सिम्युलेटरमध्येही चालतात. कुणी बनवलेला डबा घेऊन त्याला नवा रंग चढवायचा, यालाच रीपेंट म्हणतात.

अशा डब्याचे दोन भाग असतात. शेप फाइलमध्ये आकार आणि टेक्श्चर फाइलमध्ये त्यावर गुंडाळायचं सपाट चित्र. शिंप्याने बेतलेल्या कापडासारखं त्या चित्रात बाजू, छप्पर, टोकं सुटी मांडलेली असतात. आपण रंगवतो ते हे कापड. बिघाड मात्र बहुतेकदा रंगात नसतो, शिवणीत असतो.

डबा पांढराफटक दिसला, तर आधी नाव तपासा. टेक्श्चरचं नाव शेप फाइलच्या आत लिहिलेलं असतं. एक अक्षर चुकलं तरी चित्र सापडत नाही. मग माप पाहा. मूळ सिम्युलेटरला चित्र चौरस लागतं, तेही २५६, ५१२, १०२४ अशा दुपटीच्या मापांत. १००० पिक्सेलचं चित्र चालत नाही.

खिडक्यांच्या काचा पत्र्यासारख्या झाल्या, तर चित्र सेव्ह करताना अल्फा चॅनल, म्हणजे कुठला भाग आरपार दिसावा ते सांगणारा थर, गळालेला असतो. त्यात काळं ते आरपार, पांढरं ते भरीव. तोच उलटा झाला, तर काचा भरीव होतात आणि डबा गायब!

एका बाजूचं नाव नीट आणि दुसऱ्या बाजूचं आरशातल्यासारखं दिसलं, तर दोन्ही बाजू चित्राचा एकच तुकडा वापरत आहेत, हे ओळखा. तिथे ब्रश कितीही चालवला तरी उपयोग नाही. मूळ मॉडेलमधली मांडणीच बदलावी लागते. शंका असेल, तर सगळ्या चित्रावर आकडे घातलेले चौकोन रंगवा आणि डबा सिम्युलेटरमध्ये फिरवून पाहा. कुठला तुकडा कुठे बसतो, ते लगेच कळतं.

मला सगळ्यात जास्त रात्री जागवलं ते सोनेरी रेघेने. दोन पिक्सेल रुंदीची ती रेघ रंगवताना लखलखीत होती. सिम्युलेटरमध्ये खिडकीखाली मात्र मळकट, तुटक. कारण सापडलं ते कॉम्प्रेशनमध्ये. डीएक्सटी पद्धतीत चित्राचे चार बाय चार पिक्सेलचे चौकोन पडतात. प्रत्येक चौकोनाचे दोनच रंग साठवले जातात, बाकीचे त्या दोहोंच्या मिश्रणातून निघतात. निळा आणि सोनेरी तेवढ्यात भागतात. पण त्याच चौकोनात खिडकीची पांढरी चौकट शिरली, की तिसऱ्या रंगाला जागाच उरत नाही. मी चौकोन मोजले, रेघ तीन पिक्सेल खाली सरकवली आणि ती स्वच्छ झाली. फाइल मोठी चालणार असेल, तर कॉम्प्रेशन न करता सेव्ह करणं हा सोपा मार्ग.

हे कारण सापडलं, कारण दर वेळी मी एकच गोष्ट बदलत होतो. नाव, माप, अल्फा, मांडणी, कॉम्प्रेशन, याच क्रमाने जा. पाच गोष्टी एकदम बदलल्या आणि डबा सुधारला, तरी बिघाड कशाचा होता ते कळत नाही, आणि पुढच्या डब्यावर तो परत येतो.

या दिवाळीच्या सुटीत एखादा डबा रंगवायला घ्याच. मूळ फाइलची प्रत आधी बाजूला ठेवा, मॉडेल बनवणाऱ्याची परवानगी घ्या आणि त्याचं नाव आपल्या कामाबरोबर आवर्जून लिहा. रंग आपला असला, तरी डबा त्याने बांधलेला असतो.