संगणकाची निद्रावस्था व पटलदोष

संगणकाची निद्रावस्था व पटलदोष : वापरात नसलेला संगणक पूर्णपणे बंद न करता, चालू असलेले काम स्मृतीत जसेच्या तसे ठेवून त्याच्या बहुतेक भागांचा विद्युत् पुरवठा तोडण्याच्या स्थितीस निद्रावस्था म्हणतात. व्यवहारात ती ‘स्लीप’ या नावाने ओळखली जाते. कळफलकावरील एखादी कळ दाबताच किंवा लॅपटॉपचे झाकण उघडताच संगणक काही सेकंदांत पूर्ववत व्हावा, अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात पुष्कळदा पंखा फिरू लागतो, दिवे लागतात, पण पडदा काळाच राहतो. क्वचित चित्र उमटते, परंतु ते थरथरणारे, चुकीच्या आकारमानाचे किंवा भलत्याच मॉनिटरवरचे असते. अशा वेळी संगणक अडकला असे समजून त्याचा पुरवठा तोडण्याकडे सर्वसाधारण कल असतो. तथापि काळा पडदा हा एक दोष नसून परस्परांशी संबंध नसलेल्या अनेक दोषांचे ते समान लक्षण आहे आणि त्यांपैकी कित्येकांत जतन न केलेले काम स्मृतीत सुरक्षित असते. पुरवठा तोडल्यावर मात्र ते निश्चितपणे नष्ट होते. म्हणून जागृतीच्या साखळीतील कोणता दुवा निखळला आहे हे आधी ओळखणे आवश्यक असते.

‘निद्रा’ हा शब्द येथे काहीसा फसवा आहे. झोपलेल्या माणसाचे हृदय व श्वसन चालू असते. याउलट रूढ निद्रावस्थेत संगणकाचा प्रक्रियक, चकती व चित्रप्रक्रियक यांचा पुरवठा जवळजवळ संपूर्णपणे तोडलेला असतो आणि केवळ स्मृती जिवंत ठेवलेली असते. संगणकाच्या मुख्य स्मृतीत प्रत्येक अंक एका सूक्ष्म धारित्रावरील विद्युत् भाराच्या रूपात साठविलेला असतो. हा भार सतत गळत असल्याने स्मृतीतील प्रत्येक ओळ साधारणतः ६४ मिलिसेकंदांत एकदा तरी पुन्हा भारित करावी लागते. निद्रावस्थेत स्मृतीच्या चकत्या हे काम स्वतःच करतात. त्यासाठी लागणारी अल्प शक्ती लॅपटॉपमध्ये विद्युत् घटातून मिळते, तर डेस्कटॉपमध्ये पुरवठा पेटीच्या ५ व्होल्टच्या राखीव तारेतून मिळते. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एटीएक्स या रचनेत ही तार समाविष्ट झाली. यावरून निद्रिस्त डेस्कटॉपचा भिंतीवरील खटका बंद केला किंवा भारनियमनाने वीज गेली, तर अपुरे काम का नाहीसे होते, हे स्पष्ट होते. ‘हायबरनेट’ या नावाच्या शीतनिद्रेत मात्र स्मृतीतील सर्व मजकूर चकतीवर उतरवून नंतर यंत्र बंद केले जाते. त्यामुळे वीज गेली तरी काम टिकते, परंतु जागृतीस वेळ अधिक लागतो.

इतिहास : संगणक व मॉनिटर यांच्यासाठी होणारा विजेचा अपव्यय कमी करण्याच्या हेतूने अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९२ मध्ये ‘एनर्जी स्टार’ ही ऐच्छिक योजना सुरू केली. त्याच वर्षी इंटेल व मायक्रोसॉफ्ट या कंपन्यांनी एपीएम ही शक्तिव्यवस्थापनाची पद्धत मांडली. तिच्यात बहुतेक नियंत्रण यंत्रातील मूलभूत आज्ञावलीकडे, म्हणजे बायोसकडे होते. १९९३ मध्ये मॉनिटरविषयक मानके ठरविणाऱ्या व्हेसा या संघटनेने मॉनिटरला निजविण्याची रीत निश्चित केली. तत्कालीन ऋण किरण नलिकेच्या मॉनिटरला आडवा व उभा असे दोन समकालन संकेत सतत मिळत असत. त्यांपैकी कोणता संकेत थांबला आहे यावरून मॉनिटरने आपली अवस्था ठरवावी, दोन्ही थांबल्यास जवळजवळ बंद व्हावे, अशी ही रीत होती. वेगळी तार न घालता आहे त्याच केबलमधून हे साधले, हे तिचे वैशिष्ट्य होय. संगणक जागा असूनही मॉनिटर तेवढा निजलेला, ही आजही नेहमी आढळणारी अवस्था येथूनच सुरू झाली.

डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा यांनी एसीपीआय हे मानक प्रसिद्ध केले व नियंत्रण ऑपरेटिंग सिस्टिमकडे आले. २०१३ पासून हे मानक यूईएफआय फोरम या संस्थेकडे आहे. त्यात एस० (पूर्ण जागृत) पासून एस५ (बंद) पर्यंत अवस्था सांगितल्या असून रूढ निद्रा म्हणजे एस३ व शीतनिद्रा म्हणजे एस४ होय.

पडद्याच्या दृष्टीने या व्यवस्थेत एक फट राहून गेली. संगणक प्रथम चालू होतो तेव्हा बायोस चित्रकार्डाच्या स्वतःच्या आज्ञावलीस पाचारण करून त्याची सिद्धता करते. एस३ मधून उठताना मात्र तसे करण्याचे बंधन बायोसवर नाही. ते काम ऑपरेटिंग सिस्टिमच्या चालक आज्ञावलीने, म्हणजे ड्रायव्हरने करावयाचे असते. ज्या ड्रायव्हरच्या कर्त्यांना कार्डाची अंतर्गत माहिती उपलब्ध होती त्यांना हे जमले. लिनक्सच्या कर्त्यांना पुष्कळ कार्डांबाबत ती उपलब्ध नव्हती. परिणामी लिनक्सवरील कित्येक लॅपटॉप उठत, चकती फिरे, कळा चालत, पण पडदा काळा राही. त्यावर तोडगे म्हणून बायोसमधील चित्रविषयक आज्ञावली पुन्हा चालविणे, निजण्यापूर्वी कार्डाची स्थिती टिपून ठेवणे व नंतर ती परत भरणे इ. युक्त्या योजिल्या जात. कोणत्या लॅपटॉपला कोणती युक्ती लागू पडते याची यादीच लिनक्सच्या अधिकृत दस्तऐवजांत दिलेली असे. २००९ मध्ये लिनक्सच्या २.६.२९ या आवृत्तीत इंटेलच्या चित्रप्रक्रियकांसाठी पटलाची मांडणी करण्याचे काम प्रत्यक्ष गाभ्यात आले आणि पुढे इतर चित्रप्रक्रियकांनाही ही सोय मिळाल्यावर या युक्त्यांची गरज ओसरली. काळा पडदा म्हणजे मेलेले यंत्र नव्हे, हे या प्रकरणाइतके दुसऱ्या कशानेही स्पष्ट होत नाही.

२०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर निराळ्या प्रकारची निद्रा आली. तिच्यात यंत्र एस० अवस्थेतच राहून अतिशय कमी शक्तीवर मंदावते व अधूनमधून जाळ्याशी संपर्क ठेवते. अनेक नव्या लॅपटॉपमध्ये एस३ अवस्था उपलब्धच नसते. या निद्रेत यंत्र पिशवीत असताना जागे होऊन तापते व घट रिकामा करते, असेही घडते. दुसऱ्या दिवशी झाकण उघडल्यावर दिसणारा काळा पडदा हा मग पटलदोष नसतोच. विद्युत् भारक जोडून काही मिनिटे थांबणे एवढाच त्यावर उपाय असतो.

जागृतीचा क्रम : कळ, झाकण किंवा जाळ्यावरील संकेत यांपैकी कशाने तरी जागृतीची सूचना मिळते व पूर्ण पुरवठा सुरू होतो. बायोस स्मृतीची नव्याने चाचणी न घेता आधी टिपून ठेवलेली मूल्ये वापरते आणि नियंत्रण ऑपरेटिंग सिस्टिमकडे सोपविते. ती एकेक उपकरण जागे करते. चित्रप्रक्रियकाचा ड्रायव्हर प्रथम कोणता मॉनिटर जोडलेला आहे हे पाहतो. एचडीएमआय जोडणीच्या १९ संपर्कांपैकी शेवटचा याच कामासाठी असून त्याच्यावरील विद्युत् दाबावरून मॉनिटरची उपस्थिती कळते. मग मॉनिटरमध्ये साठविलेला किमान १२८ बाइटांचा वर्णनपर मजकूर वाचून चित्राचे आकारमान व कंप्रता ठरविली जाते. डिस्प्लेपोर्ट जोडणीत याशिवाय दोन्ही टोके परस्परांत संकेतांची देवघेव करून वहनाचा वेग निश्चित करतात. सरतेशेवटी चित्राचा संकेत जातो व मॉनिटर आपला पश्चप्रकाश लावतो. मॉनिटर सावकाश जागा होणारा असेल, तर ड्रायव्हर विचारतो तेव्हा तो उत्तर देत नाही. परिणामी तो जोडलेलाच नाही असे समजून चित्र दुसरीकडे पाठविले जाते. दोन मॉनिटर असलेल्या संगणकावर सर्व चौकटी एकाच पडद्यावर गोळा झालेल्या दिसतात, त्याचे कारण बहुधा हेच असते.

निदान : पहिला प्रश्न यंत्र जागे झाले आहे काय, हा होय. कळफलकावरील ‘कॅप्स लॉक’ कळ दाबल्यावर तिचा दिवा लागत व विझत असेल, तर प्रक्रियक व ऑपरेटिंग सिस्टिम बहुधा कार्यरत आहेत. ध्वनी कमीजास्त करताना आवाज येणे किंवा जाळ्यावरील दुसऱ्या संगणकास प्रतिसाद मिळणे, हीही तशीच खूण होय. काहीच प्रतिसाद नसेल, तर दोष पडद्याच्या अलीकडचा, म्हणजे बायोस, स्मृती किंवा पुरवठा यांतील असतो. स्मृती तिच्या प्रमाणित वेगापेक्षा अधिक वेगाने चालविली असता यंत्र एरवी सुरळीत चालते, पण निद्रेतून उठत नाही, असा अनुभव येतो. प्रमाणित वेग पुन्हा ठरवून हे पडताळता येते.

यंत्र जागे असल्यास मॉनिटरकडे वळावे. मॉनिटरच्या स्वतःच्या कळीने त्याची सूची पडद्यावर उमटत असेल, तर पटल व पश्चप्रकाश ठीक असून संकेत पोहोचत नाही, असा निष्कर्ष निघतो. अशा वेळी निवडलेली जोडणी योग्य आहे की नाही हे पाहून केबल काढून पुन्हा बसवावी, किंवा मॉनिटरचा पुरवठा अर्धा मिनिट तोडून पुन्हा सुरू करावा. मॉनिटरचा पुरवठा तोडल्याने संगणकातील कामास बाध येत नाही. याच संदर्भात एक बारीक गोष्ट सांगण्याजोगी आहे. डिस्प्लेपोर्टच्या प्रमाणित केबलमध्ये विसाव्या संपर्काची तार जोडलेली नसावी, असा नियम आहे. काही स्वस्त केबलींत ती जोडलेली असते व मॉनिटरमधील ३.३ व्होल्टचा दाब उलट संगणकात शिरतो. सुरू होताना वा जागे होताना अडणाऱ्या संगणकाच्या बाबतीत चित्रकार्ड बदलण्यापूर्वी केबल बदलून पाहणे शहाणपणाचे ठरते.

लॅपटॉपमध्ये पटल आतच असल्याने कसोटी निराळी आहे. अंधाऱ्या खोलीत विजेरीचा झोत द्रव स्फटिक पटलावर तिरपा टाकला असता अस्पष्ट चित्र दिसले, तर चित्र तयार होत आहे, फक्त पश्चप्रकाश लागलेला नाही. प्रकाशमान वाढविण्याची कळ दाबणे, हा त्यावरील पहिला उपाय. जुन्या लॅपटॉपमध्ये पश्चप्रकाशासाठी अनुस्फुरक नलिका व तिला उच्च दाब पुरविणारे मंडल असे. ते थकल्यास हीच अवस्था येई. स्वयंप्रकाशी ओलेड पटलांना ही कसोटी अर्थातच लागू नाही. झाकण मिटल्याची जाणीव बहुतेक लॅपटॉपमध्ये लहान चुंबक व हॉल परिणामावर चालणारा संवेदक यांच्यामुळे होते. म्हणून मनगटी पट्ट्याचा चुंबक हाताखालील भागाजवळ आला, तरी झाकण मिटले असे समजून यंत्र पुन्हा निजते. अशा यंत्राचे पटल दुरुस्तीसाठी उघडण्यात काहीच अर्थ नसतो.

चित्रप्रक्रियकाचा ड्रायव्हर अडकला असल्यास विंडोज १० व ११ मध्ये विंडोज, कंट्रोल, शिफ्ट व बी या चार कळा एकदम दाबल्याने तो नव्याने सुरू होतो आणि उघडी असलेली कामे सहसा टिकतात. विंडोज व पी या कळांनी चित्र कोणत्या पडद्यावर जावे हे बदलता येते. लिनक्समध्ये कंट्रोल व ऑल्ट यांसह एफ३ दाबून अक्षरी पटलाकडे जाऊन परत आल्यास पटलाची मांडणी पुन्हा होते. याने काही न साधल्यास यंत्र पुन्हा निजवून उठवावे. दुसऱ्या खेपेस चित्र येणे विरळा नाही. तेही फसले व कळा चालत असल्या, तर न पाहता परवलीचा शब्द टंकून आत जावे आणि कंट्रोल व एस दाबून समोरचे काम जतन करण्याचा प्रयत्न करावा. आधी नाव दिलेल्या दस्तऐवजाच्या बाबतीत हे बऱ्याचदा यशस्वी होते. शक्तीची कळ सु. चार सेकंद दाबून धरणे हा अखेरचा मार्ग होय, कारण तिने पुरवठा सक्तीने तुटतो व ऑपरेटिंग सिस्टिमला काहीही वाचविण्याची संधी मिळत नाही.

वारंवार होणाऱ्या दोषावर ड्रायव्हर व बायोस यांच्या नव्या आवृत्त्या बसविणे हा उपाय सर्वत्र सांगितला जातो व तो योग्यही आहे. परंतु दोष नव्या आवृत्तीनंतरच उद्भवला असेल, तर जुन्या आवृत्तीकडे परतणे इष्ट ठरते. मॉनिटरच्या सूचीत ‘डीप स्लीप’ किंवा जोडणी आपोआप शोधण्याची सोय असल्यास ती बंद केल्याने सावकाश जागा होणारा मॉनिटर वेळेवर उत्तर देऊ लागतो. विंडोज ८ पासून ‘शट डाउन’ या आज्ञेने यंत्र खऱ्या अर्थाने बंद होतेच असे नाही. जलद प्रारंभाची सोय चालू असल्यास गाभा व ड्रायव्हर यांची स्थिती चकतीवर जतन होऊन पुढील वेळी तीच परत भरली जाते. त्यामुळे बिघडलेली स्थितीही परत येऊ शकते. ड्रायव्हर मुळापासून सुरू व्हावा यासाठी ‘रीस्टार्ट’ हीच आज्ञा द्यावी लागते. जुन्या मॉनिटरमध्ये पुरवठा मंडलातील विद्युत् विच्छेद्य धारित्रे वयोमानाने क्षीण होतात; असा मॉनिटर थंड असताना उठण्यास अनेक प्रयत्न घेतो व एकदा तापल्यावर दिवसभर नीट चालतो. धारित्रे बदलल्याने तो पुष्कळदा सुधारतो, परंतु पुरवठा तोडल्यानंतरही काही धारित्रांवर धोकादायक भार राहत असल्याने हे काम जाणकाराकडूनच करून घ्यावे.