शेंद्र्याला बर्फ का पडत नाही?

शेंद्र्याच्या एका शाळेत आम्ही हवामानाविषयी बोलायला गेलो होतो. जानेवारीचा दुसरा आठवडा, सकाळची शाळा. मुले स्वेटर आणि कानटोप्या घालून बसली होती. आमचे बोलणे संपल्यावर नववीतल्या एका मुलाने हात वर केला. ''सर, महाबळेश्वरला बर्फ पडतो, निफाडला पडतो, मग आपल्याकडे कधी पडणार?'' वर्ग हसला. पण वाट पाहणारा तो एकटा नव्हता. पाच-सहा मुलांनी मिळून फळ्याच्या कोपऱ्यात रोजचे किमान तापमान लिहायला सुरुवात केली होती. आदल्या दिवशी नऊ अंश, त्या दिवशी आठ. पारा असाच उतरत गेला तर आठवड्याभरात शून्यावर येईल आणि मग बर्फ पडेल, असा त्यांचा सरळ हिशेब होता. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, ''आपल्याकडे पडून गेलाय. दोन हजार चौदाला. माझे आजोबा सांगतात, सगळं रान पांढरं झालं होतं.''

मुलांचा हिशेब चुकला होता. आजोबांची आठवण मात्र खरी होती. या दोन्हींच्या मध्ये हवामानशास्त्राचा एक चांगला धडा दडलेला आहे. तो वर्गात कसा मांडता येईल ते पाहू.

एक शब्द, तीन पदार्थ

फ्रीजमधला बर्फ, काश्मीरचा बर्फ आणि गारपिटीचा बर्फ, सगळ्याला आपण बर्फच म्हणतो. रासायनिकदृष्ट्या ते बरोबर आहे. पण निसर्गात हा बर्फ तीन अगदी वेगळ्या रीतींनी तयार होतो, आणि त्या रीती वेगळ्या असल्यामुळे त्यांची वेळ, जागा आणि परिणामही वेगळे असतात.

पहिला प्रकार महाबळेश्वरचा. वेण्णा तलावाच्या परिसरात गवतावर, स्ट्रॉबेरीच्या पानांवर, गाड्यांच्या टपांवर पहाटे जो पांढरा थर दिसतो तो आकाशातून पडलेला नसतो. तो जागच्या जागी तयार झालेला असतो. निरभ्र आणि वारा पडलेल्या रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे टाकत राहते. गवताचे पाते तर सभोवतालच्या हवेपेक्षाही थंड होते. वेधशाळेतील तापमापक जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, जाळीदार लाकडी पेटीत असतो. तो तीन-चार अंश दाखवत असतानाही गवताचे तापमान शून्याखाली जाऊ शकते. मग आधी पडलेले दव गोठते, किंवा हवेतील बाष्प पाणी न होता थेट बर्फ होऊन पात्यावर बसते. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस निफाडला पारा दोन अंशांच्या खाली गेला, तेव्हा द्राक्षबागांमध्ये दिसले ते हेच. म्हणून 'महाबळेश्वरला बर्फ पडला' या वाक्यातील 'पडला' हे क्रियापद चुकीचे आहे. तेथे दव गोठले.

दुसरा प्रकार म्हणजे खरे हिम. ते ढगात जन्मते. ढगातील पाण्याचे सूक्ष्म थेंब शून्य अंशाखाली गेले म्हणून लगेच गोठत नाहीत. शुद्ध पाण्याचे अगदी बारीक थेंब उणे ३८ अंशांच्या आसपासपर्यंत द्रवरूपात राहू शकतात. अशा पाण्याला अतिशीत पाणी म्हणतात. मातीचा योग्य असा एखादा कण मिळाला की त्याभोवती बर्फाचा स्फटिक तयार होतो, आणि आजूबाजूचे बाष्प ओढून घेत तो सहा बाजूंनी वाढतो. जपानी भौतिकशास्त्रज्ञ उकिचिरो नाकाया यांनी १९३६ साली प्रयोगशाळेत सशाच्या केसावर असा स्फटिक वाढवून दाखवला. स्फटिकाचा आकार हवेच्या तापमानावर आणि ओलाव्यावर कसा अवलंबून असतो, हेही त्यांनी शोधून काढले.

तिसरा प्रकार गारेचा. त्याकडे आपण शेवटी येऊ, कारण शेंद्र्याला खरा संबंध त्याच्याशीच आहे.

उथळ थंडी, खोल थंडी

आता मुलांच्या हिशेबाकडे वळू. पारा शून्यावर आला की बर्फ पडेल, असे त्यांना वाटत होते. हिमाला मात्र जमिनीलगतची थंडी पुरत नाही. ढगापासून जमिनीपर्यंतचा हवेचा सगळा स्तंभ थंड असावा लागतो.

हिवाळ्यातील सकाळी शेंद्र्याच्या एखाद्या शेतातील शेकोटीचा धूर पाहावा. तो थोडा वर चढतो आणि मग आडवा पसरतो. जमिनीलगतची हवा रात्रभरात गार होऊन जड झालेली असते आणि तिच्यावर तुलनेने उबदार हवा झाकणासारखी बसलेली असते. याला तापमानाची विपरीतता म्हणतात. आपली पहाटेची थंडी अशी उथळ असते. काही शे मीटर वर गेलो तर हवा उलट कमी गार लागेल.

त्याहून वर गेल्यावर मात्र तापमान पुन्हा उतरू लागते. सरासरीने दर किलोमीटरला साडेसहा अंश. शेंद्र्याच्या जवळच, शहराच्या वाटेवर चिकलठाणा आहे. वरच्या हवेचे तापमान व ओलावा मोजणारे फुगे जेथून सोडतात, त्या देशातील केंद्रांपैकी एक तेथे आहे. महाराष्ट्राच्या आकाशात हिवाळ्यात शून्य अंशाची पातळी समुद्रसपाटीपासून साधारण चार ते साडेचार किलोमीटरवर असते. शेंद्र्याच्या परिसराची उंची सहाशे मीटरच्या आतबाहेर. कळसूबाई हे राज्यातील सर्वांत उंच शिखरसुद्धा १,६४६ मीटरवरच थांबते.

हिम शून्याच्या पातळीखाली आल्यावर दोन-तीनशे मीटर तग धरते आणि मग वितळते. म्हणजे शेंद्र्याला हिम पोहोचायचे असेल तर ती पातळी साडेचार किलोमीटरवरून सुमारे नऊशे मीटरवर यायला हवी. फरक ३.६ किलोमीटरचा. त्याला ६.५ ने गुणले तर उत्तर येते २३.४. हवेचा हा सगळा स्तंभ तेवीस-चोवीस अंशांनी थंड व्हायला हवा! किमान तापमान दहा अंशांवर किंवा त्याखाली येऊन सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी उतरले की हवामान खाते थंडीची लाट जाहीर करते आणि घसरण साडेसहा अंशांच्या पुढे गेली की तीव्र लाट. ही घसरणही बहुतांशी जमिनीजवळची असते.

आणखी एक अडचण आहे. आपल्याकडे कडाक्याची थंडी पडते ती आकाश निरभ्र असते म्हणून. ढग आले की ते जमिनीतून निघालेली उष्णता काही प्रमाणात परत पाठवतात आणि रात्र उबदार होते. हिमाला तर ढग हवेच. म्हणजे थंडी येते तेव्हा ढग नसतात आणि ढग येतात तेव्हा थंडी नसते. फळ्यावरचा आकडा आठवरून पाचवर गेला तरी बर्फ एका पावलानेही जवळ येत नाही, तो यामुळे.

त्याच अक्षांशावर

'आपण विषुववृत्ताच्या जवळ आहोत म्हणून बर्फ पडत नाही' असे उत्तर आपण वर्गात अनेकदा देतो. ते अपुरे आहे. हवाई बेटांवरील मौना केआ हा पर्वत जवळजवळ आपल्याच अक्षांशावर, २० अंश उत्तरेच्या किंचित खाली आहे. समुद्राने वेढलेल्या त्या उष्ण बेटावर या पर्वताचा माथा हिवाळ्यात अधूनमधून हिमाने पांढरा होतो, कारण तो ४,२०७ मीटर उंच आहे. तेथे शून्याची पातळी खाली यावी लागत नाही. डोंगरच तिच्याजवळ पोहोचलेला आहे.

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. मेक्सिकोतील ग्वादालाहारा हे शहर आपल्यापेक्षा जेमतेम पाऊण अंश उत्तरेला आणि दीड हजार मीटरहून थोडे अधिक उंचीवर आहे. उंचीने महाबळेश्वराच्या आसपासचे. १३ डिसेंबर १९९७ रोजी तेथे खरेखुरे हिम पडले, तेही शंभराहून अधिक वर्षांनी. चीनमधील ग्वांगझाऊ तर २३ अंशांवर, जवळजवळ समुद्रसपाटीला. तेथेही २४ जानेवारी २०१६ रोजी हिमकण पडले आणि लोक ते हातावर झेलायला रस्त्यावर आले.

मग महाबळेश्वरला असे का घडत नाही? नकाशा उघडून पाहावे. उत्तर अमेरिकेतील पर्वतरांगा उत्तर-दक्षिण पसरलेल्या आहेत. कॅनडाकडून निघालेली थंड, जाड हवा मैदानांवरून थेट मेक्सिकोपर्यंत घसरत येऊ शकते. पूर्व चीनमध्येही सायबेरियाच्या हवेला अडवणारी सलग उंच भिंत नाही. आपल्या उत्तरेला मात्र हिमालय पूर्व-पश्चिम आडवा उभा आहे. मध्य आशियातील खोल थंडी तो पलीकडेच थोपवतो. आपल्यापर्यंत पोहोचतात ते पश्चिमेकडून आलेल्या विक्षोभांच्या मागून वाहणारे उत्तरेचे कोरडे, गार वारे. शेंद्र्याच्या मुलांचा बर्फ हिमालयाने अडवला आहे असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

वाटेत वितळणारे हिम

एवढे ऐकल्यावर मुलांचे चेहरे पडले. तेव्हा आम्ही त्यांना दुसरी बाजू सांगितली: शेंद्र्यावर हिम पडते, पण ते जमिनीपर्यंत पोहोचत नाही.

पावसाळ्यात शून्याची पातळी साडेपाच किलोमीटरच्या आसपास असते आणि मोठे ढग तिच्या कितीतरी वर, दहा-बारा किलोमीटरपर्यंत जातात. त्यांच्या वरच्या भागात हिमस्फटिक तयार होतात, एकमेकांत गुंततात आणि खाली येताना वितळून थेंब होतात. रडारवर या वितळण्याच्या थराची ठळक पट्टी दिसते, कारण पाण्याचा लेप चढलेले हिम रडारच्या लहरी जोरात परतवते. उथळ ढगांचा पाऊस पाण्याच्याच थेंबांपासून होतो, हे खरे. पण उंच ढगांतून शाळेच्या पत्र्यावर आदळणाऱ्या सरीतील बरेचसे पाणी काही मिनिटांपूर्वी हिम होते.

आजोबांचा बर्फ

आता २०१४ ची गोष्ट. त्या वर्षी फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाडा, विदर्भ आणि उत्तर महाराष्ट्रात पुन्हा पुन्हा गारपीट झाली. काढणीला आलेला गहू, हरभरा, ज्वारी झोपली; द्राक्षे, डाळिंबे, मोसंबीच्या बागा झोडपल्या गेल्या; जनावरे आणि पक्षी मेले, माणसेही दगावली. आजोबांनी पाहिलेले पांढरे रान ते हे होते.

गार हिमासारखी बाष्पावर हळूहळू वाढत नाही. तिला जोरदार ऊर्ध्वप्रवाह, म्हणजे ढगात वर चढणारा वारा लागतो. बर्फाचा लहानसा गोळा त्या प्रवाहात तोलला जातो, अतिशीत थेंब त्याच्यावर आदळून गोठत जातात, आणि वजन पेलवेनासे झाले की तो खाली येतो. पाच सेंटिमीटर व्यासाची गार तोलून धरायला वर चढणाऱ्या वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या घरात असावा लागतो. एवढ्या वेगाने पडणारी गार वाटेतल्या उबदार हवेत वितळायला वेळच मिळत नाही. म्हणून ती पस्तीस अंशांच्या दुपारीही जमिनीवर पोहोचते. ३० एप्रिल १८८८ रोजी मुरादाबाद येथील गारपिटीत २४६ माणसे मेल्याची नोंद आहे.

हे ढग कधी तयार होतात? थंडी सरताना. जमीन तापू लागलेली असते, समुद्राकडून दमट वारे येतात आणि त्याच वेळी उंचावर पश्चिमेकडून थंड, कोरडी हवा सरकते. खाली गरम, वर गार, शिवाय उंचीनुसार वाऱ्याची दिशा आणि वेग बदलणारा. गारेला लागणारी सगळी सामग्री एकत्र येते. आपल्याकडे फेब्रुवारी ते एप्रिल हा तिचा मुख्य काळ.

आम्हाला मुलांच्या तक्त्याची काळजी वाटली ती यासाठी. त्यांचे निरीक्षण जानेवारीत भरात असते आणि पारा चढू लागला की थांबते. शेंद्र्याच्या रानावर बर्फ खरोखर कोसळू शकतो तो नेमका त्यानंतर. तापमापकाने थंडी संपल्याचे सांगितले म्हणजे धोका टळला असे नाही. उकाडा, दुपारनंतर फुलकोबीसारखे झपाट्याने उंच होणारे ढग आणि गडगडाट या तेव्हाच्या खुणा. उपायही वेगळे. दव गोठण्यापासून बाग वाचवायला शेतकरी पहाटे पाणी देतात, शेकोट्या पेटवतात. गारेपुढे त्याचा उपयोग नाही. तेथे वेळेवर मिळालेला इशारा, जाळी, झाकून ठेवलेले धान्य आणि डोक्यावर पक्के छप्पर हेच कामाला येते.

वर्गात काय करता येईल

एक, दोन तापमापक घ्यावेत. एक सावलीत सव्वा मीटर उंचीवर, दुसरा उघड्यावर गवताला टेकवून. हिवाळ्यात सूर्योदयापूर्वी दोन्ही वाचावेत. निरभ्र आणि ढगाळ रात्रींनंतरचा फरक आपोआप बोलेल.

दोन, स्टीलच्या पेल्यात तीन भाग बर्फाचा चुरा आणि एक भाग मीठ मिसळावे. पेल्याबाहेर आधी दव आणि मग पांढरा थर जमतो. महाबळेश्वरची पहाट वर्गात आणता येते ती अशी.

तीन, गारपीट पूर्ण थांबून गडगडाट संपल्यावर, त्याआधी कदापि नाही, मोठ्या गारा गोळा करून फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवाव्यात. तापवलेल्या चाकूने मधोमध कापल्या तर कांद्यासारखे पांढरे आणि पारदर्शक थर दिसतात. झटपट गोठलेल्या थरात हवेचे बुडबुडे अडकतात, म्हणून तो पांढरा. सावकाश गोठलेला पारदर्शक.

निघण्यापूर्वी मुलांनी तक्त्यात नवे रकाने आखले: ढग, वारा, गडगडाट, गार. तो मेअखेरपर्यंत चालवायचे ठरले. मागच्या बाकावरची मुलगी आजोबांना गारांचा आकार, तारीख आणि वेळ विचारून येणार होती. ''आणि बर्फाचा रकाना पुसायचा का?'' पहिल्या मुलाने विचारले. तो राहू द्या, आम्ही म्हणालो. रोज 'नाही' लिहा; नोंदवहीत तेही लागते.