सदिच्छा, तोफा आणि नकाराचा अधिकार

१७ नोव्हेंबर १९२१ रोजी सकाळी ‘रिनाउन’ ही ब्रिटिश युद्धनौका मुंबई बंदरात दाखल झाली. १९१६ मध्ये आरमारात आलेल्या या नौकेवर पंधरा इंची सहा तोफा होत्या. प्रवासी मात्र सदिच्छेचा होता. इंग्लंडचा युवराज एडवर्ड याच नौकेतून १९१९ मध्ये कॅनडाला व १९२० मध्ये ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला जाऊन आला होता. महायुद्धात साम्राज्यासाठी रक्त सांडलेल्या देशांचे आभार मानावेत आणि सैल होऊ लागलेले बंध पुन्हा आवळावेत, असा या सफरींचा हेतू. हिंदुस्थानची पाळी आली तेव्हा जालियनवाला बागेला अवघी अडीच वर्षे झाली होती.

युद्धनौकेवरून सदिच्छा पाठविण्याची ही कल्पना ब्रिटिशांचीच होती असे नाही. अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी डिसेंबर १९०७ मध्ये ‘कनेक्टिकट’ या नौकेच्या नेतृत्वाखाली सोळा युद्धनौका जगप्रदक्षिणेस धाडल्या होत्या. या नौकांना पांढरा रंग दिला होता, म्हणून इतिहासात तो ताफा ‘शुभ्र ताफा’ म्हणून ओळखला जातो. सुमारे चौदा हजार खलाशी घेऊन चौदा महिन्यांनी, फेब्रुवारी १९०९ मध्ये, तो परतला. जपानशी संबंध ताणलेले असताना योकोहामा येथे त्याचे थाटात स्वागत झाले. परंतु तोफा रोखून धरणाऱ्या पाहुण्याचे स्वागत मनापासूनचे की सावधगिरीचे, हे यजमानालाच ठाऊक. परतीच्या वाटेवर इटलीतील मेसिना शहर भूकंपाने उद्ध्वस्त झाल्याचे कळले आणि ताफ्यातील काही नौका मदतीला गेल्या. साऱ्या प्रदक्षिणेत सदिच्छेचे निःसंदिग्ध कृत्य कोणते, असे विचारले तर याच कृत्याकडे बोट दाखवावे लागेल.

मुंबईच्या किनाऱ्याने ‘रिनाउन’ला वेगळे उत्तर दिले. काँग्रेसने बहिष्कार व हरताळ पुकारला होता. अपोलो बंदरावर, अद्याप अपुऱ्या असलेल्या गेटवेजवळ, युवराजाचे सरकारी स्वागत होत असताना शहरात दुसरीकडे गांधीजींच्या उपस्थितीत विदेशी कापडाची होळी पेटली. निःशस्त्र प्रजेने सत्तेच्या पाहुण्याला ‘तुझे स्वागत आम्ही करणार नाही’ असे शांतपणे सांगावे, ही त्या दिवसाची खरी थोरवी ठरली असती.

तसे झाले नाही. स्वागताहून परतणाऱ्या पारशी, ख्रिस्ती व अँग्लो-इंडियन नागरिकांवर जमावाने हल्ले केले, डोक्यावरच्या विदेशी टोप्या हिसकावल्या, ट्रामगाड्या फोडल्या, दारूची दुकाने जाळली. मग उलट हल्ल्यांत खादीधारी सापडले. गोळीबार झाला. काही दिवसांच्या या दंग्यात पन्नासहून अधिक माणसे मेली. गांधीजींनी १९ नोव्हेंबरला उपोषण आरंभले, ते २२ तारखेला सोडले आणि बार्डोलीतील नियोजित सविनय कायदेभंग पुढे ढकलला. ज्याला युवराजाला पाहावयाचे आहे त्याचा तो हक्क नाकारणारा बहिष्कार ही सक्तीच होय, हे त्यांनी ओळखले होते. तोफेच्या धाकाने मिळविलेला होकार आणि दगडाच्या धाकाने मिळविलेला नकार, दोन्ही सारखेच खोटे.

त्याच १९ नोव्हेंबरला युवराजाने पुण्यात, शाहू छत्रपतींच्या निमंत्रणावरून, शिवस्मारकाची कोनशिला बसविली. आरमाराचे महत्त्व जाणून सिंधुदुर्ग उभारणाऱ्या राजाच्या स्मारकाची पायाभरणी समुद्रावर अधिराज्य गाजविणाऱ्या सत्तेच्या वारसाने करावी, हा इतिहासाचा विलक्षण योगायोग होय. पुढे डिसेंबरात अलाहाबादेत मात्र त्याला ओस रस्त्यांतून जावे लागले.

आज छत्रपती संभाजीनगर म्हणून ओळखले जाणारे औरंगाबाद तेव्हा निजामाच्या राज्यात होते. समुद्र दूर, ‘रिनाउन’ त्याहून दूर. पण या भागातील वाचकाला त्या दौऱ्यातील एक मुक्काम विशेष बोधप्रद वाटावा. जानेवारी १९२२ मध्ये युवराज हैदराबादेस आला, तेव्हा निजामाने त्याचे राजेशाही स्वागत केले. त्या स्वागतावरून प्रजेच्या मनाचा काय अंदाज बांधावा? हैदराबाद संस्थानाची पहिली राजकीय परिषदसुद्धा १९२३ मध्ये संस्थानाबाहेर, काकीनाड्याला भरवावी लागली होती. जेथे सभा घेण्याचीही मोकळीक नाही, तेथील शांततेला संमती मानणे ही राज्यकर्त्यांची सोईस्कर समजूत असते. मुंबईला निदान नकार उच्चारता आला. मराठवाड्याला तो अधिकार मिळण्यासाठी सप्टेंबर १९४८ उजाडावा लागला.

मार्च १९२२ मध्ये युवराज कराचीहून निघाला. त्याच महिन्यात गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा झाली. युवराज पुढे राजा झाला आणि १९३६ मध्ये त्याने राजत्याग केला. २८ फेब्रुवारी १९४८ रोजी अखेरची ब्रिटिश पलटण पूर्ण झालेल्या गेटवेमधून बाहेर पडली. त्याच वर्षी ‘रिनाउन’ही मोडीत निघाली.

आता आपल्याही नौका परक्या बंदरांत सदिच्छा-भेटीला जातात. २००४ च्या त्सुनामीत स्वतःचा किनारा उद्ध्वस्त झालेला असताना भारतीय नौदलाने श्रीलंका, मालदीव आणि इंडोनेशियाला मदत पोहोचविली. गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेतून कमांडर दिलीप दोंदे यांनी ऑगस्ट २००९ ते मे २०१० या काळात एकट्याने जगप्रदक्षिणा केली. त्या नौकेवर धाक घालण्याजोगे काहीच नव्हते. या गोष्टींचा अभिमान जरूर बाळगावा. मात्र आपले आरमार जसजसे मोठे होईल, तसतसा ‘रिनाउन’चा धडा आपल्यालाही लागू होईल. समोरच्या लहान देशाला आपल्या नौकेचे स्वागत नाकारण्याची मोकळीक वाटते काय, हा प्रश्न प्रत्येक भेटीपूर्वी आपण स्वतःला विचारला पाहिजे. ती मोकळीक असूनही त्याने पुढे केलेला हात, तेवढीच सदिच्छा खरी.