तंबू गळत नव्हता!
मागच्या डिसेंबरात आम्ही चौघं भंडारदऱ्याला एक रात्र नव्या तंबूत राहिलो. थंडी मरणाची! म्हणून बाबांनी वरचे जाळीचे झरोके गच्च बंद केले. पहाटे कपाळावर टपटप थेंब. बाबा भडकले, "दुकानदाराने गळका तंबू दिला!" पण बाहेर पाऊस कुठे होता? मित्रांनो, ते पाणी आमच्याच श्वासातलं. उघड्या आकाशाखाली कापड रात्री उष्णता सोडून गार पडतं आणि आतली वाफ त्यावर जमते. गार पाण्याच्या ग्लासला बाहेरून घाम फुटतो ना, तसंच.

आई म्हणाली, "शेगडी आत घेऊ, सुकेल सगळं." इथे मात्र मी आडवाच झालो. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. रंग नाही, वास नाही. हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट धरतो. झोपेत तर कळतसुद्धा नाही. झरोके उघडे असले तरी शेगडी बाहेरच हवी. (फर्स्ट इयरची केमिस्ट्री पहिल्यांदाच कामाला आली!)

आई रुसली. मी झरोके उघडले, आणि चौघंही शाली गुंडाळून बाहेर शेगडीभोवती बसलो, उजाडेपर्यंत.