सैल झालेलं वॉल-टू-वॉल कार्पेट घरीच कसं ताणायचं?

अमेरिका-कॅनडात राहणाऱ्या मराठी मंडळींना हा प्रकार नवीन नाही. बेडरूमच्या मधोमध कार्पेटला लाट आलेली असते. पायाने दाबून सपाट केली तर ती दोन फूट पुढे सरकून पुन्हा उभी राहते. आपल्याला सवयीने ती दिसेनाशी होते. पण भारतातून आई-बाबा राहायला आले असतील आणि रात्री अंधारात बाथरूमला जाताना त्यांचा पाय त्यात अडकला, तर प्रकरण थेट हाडापर्यंत जाऊ शकतं. म्हणून ही लाट का येते आणि ती नीट कशी काढायची, ते बघूया.

आपल्याकडे सतरंजी जमिनीवर नुसती अंथरतात. वॉल-टू-वॉल कार्पेट मात्र अडकवलेलं असतं. भिंतींच्या कडेने साधारण इंचभर रुंदीची प्लायवूडची पट्टी ठोकलेली असते, तिला टॅक स्ट्रिप म्हणतात. तिच्यावर बारीक खिळ्यांची टोकं वर आलेली असतात आणि ती भिंतीकडे कललेली असतात. कार्पेट ताणून त्यावर बसवलं की ते आत सरकायला बघतं, आणि खिळे उलट्या बाजूला कललेले असल्यामुळे आणखी घट्ट अडकतं. खोलीच्या मध्यभागी मात्र ते कशालाच चिकटवलेलं नसतं. तबल्याच्या पुडीसारखं, कडेच्या ताणावरच सगळं सपाट राहतं. ताण गेला की लाट आली.

ताण जातो कशाने? जड सोफा न उचलता ओढत नेल्याने, खालचं पॅड फार जाड किंवा मऊ असल्याने, दमटपणाने. पण बऱ्याचदा खरं कारण म्हणजे बसवतानाच ते पुरेसं ताणलेलं नसतं. साध्या सिंथेटिक पाठीच्या कार्पेटला लांबी आणि रुंदी दोन्हीकडे साधारण 1 ते 1.5 टक्के ताण द्यावा लागतो. म्हणजे 12 फुटांमागे जवळजवळ दीड ते दोन इंच! हाताने ओढून इतकं होत नाही.

नी किकर की पॉवर स्ट्रेचर?

यूट्यूबवर बरेच जण नी किकर वापरताना दिसतात. पुढे दात, मागे गादी, आणि त्या गादीवर गुडघ्याने धक्का मारायचा. कोपरे, कपाटाच्या आतली जागा, कडा अडकवणं यासाठी तो ठीक आहे. अख्खी खोली त्याने ताणायची म्हणजे पॅच मारण्यासारखं आहे, मूळ बग तसाच राहतो. शिवाय गुडघ्याची वाट लागते. कार्पेट बसवणाऱ्या कामगारांच्या गुडघेदुखीबद्दल अमेरिकेच्या निऑश या सरकारी संस्थेने 1990 मध्येच इशारा दिला होता.

आपल्याला हवा पॉवर स्ट्रेचर. हा लांब दांडा असतो. त्याचं शेपूट समोरच्या भिंतीला टेकतं, दातेरी डोकं कार्पेटमध्ये रुततं आणि मधला लिव्हर दाबला की कार्पेट पुढे ढकललं जातं. विकत घेऊ नका, होम डेपोसारख्या दुकानात भाड्याने मिळतो.

काम कसं करायचं

आधी एक तपासणी. लाट चिमटीत धरून चोळून बघा. वरचा थर आणि खालची पाठ वेगवेगळी सरकत असतील तर आतलं लॅटेक्स सुटलंय. ते ताणून दुरुस्त होत नाही, पैसे वाया घालवू नका. घर भाड्याचं असेल तर आधी लीझिंग ऑफिसला ईमेल करा, कदाचित तेच माणूस पाठवतील.

खोली रिकामी करा. जाड हातमोजे घाला, कारण खिळे खरंच टोचतात. ज्या भिंतीकडे ताणायचंय तिथला कोपरा पक्कडीने धरून कार्पेट उचला आणि त्या बाजूने हळूहळू सोडवत जा. समोरची बाजू अडकलेलीच राहू द्या. पट्टी कुजलेली किंवा हललेली दिसली तर नवीन ठोका, नाहीतर ताण धरणार कोण?

आता सगळ्यात महत्त्वाचं: शेपूट नुसतं भिंतीला टेकवू नका. इथल्या भिंती ड्रायवॉलच्या, लगेच भोक पडतं. मध्ये एक लांब टू-बाय-फोर लाकूड आडवं ठेवा, म्हणजे जोर आतल्या निदान दोन लाकडी स्टडवर जाईल. स्टड बहुतेक 16 इंचांवर असतात. डोकं पुढच्या भिंतीपासून साधारण 6 इंचांवर ठेवा. दात इतकेच खाली सोडा की कार्पेटची पाठ पकडतील, पॅडमध्ये घुसणार नाहीत.

लिव्हर मध्यम जोराने खाली बसला पाहिजे. अंगावर जोर घेऊन दाबावा लागत असेल तर दांडा थोडा आखूड करा, कार्पेट फाटू शकतं. जोड असेल तर त्याच्या आडव्या दिशेने जास्त खेचू नका, तो उसवतो. ताणलेल्या स्थितीतच कड खिळ्यांवर दाबून बसवा, लिव्हर सोडा, फूटभर बाजूला सरका, पुन्हा तेच. मग लांबीची दिशा झाली की रुंदीची.

शेवटी भिंतीपाशी जास्तीचं कार्पेट उरेल. ते कापायची घाई नको. दोन्ही दिशा ताणून झाल्यावर, पट्टी आणि भिंतीमधल्या फटीत खोचण्यापुरती कड ठेवूनच धारदार कटर चालवा. कमी कापलं तर परत कापता येतं.