फर्दापूरचा तंबू आणि लेडी हेरिंगहॅम

अजिंठ्याला जाताना फर्दापूर टी-पॉइंटवर आपण बस बदलतो, चहा घेतो आणि पुढे निघतो. याच फर्दापुरात 1909 ते 1911 या काळातल्या हिवाळ्यांत एका इंग्रज बाईंचा तळ पडला होता. क्रिस्तियाना हेरिंगहॅम! वय सत्तावन्नच्या पुढे, काम अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्याचं, तेही स्वखुशीनं आणि पदरमोड करून.

हा खटाटोप कशासाठी? त्यांच्या आधी याच चित्रांच्या, लष्करी अधिकारी मेजर गिल यांनी वर्षानुवर्षे खपून केलेल्या बहुतेक प्रतिकृती 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. नंतर हेच काम केलेल्या चित्रकार ग्रिफिथ्स यांच्याही बऱ्याच प्रतिकृती 1885 मध्ये लंडनमध्येच जळाल्या. इकडे मूळ चित्रांचे पोपडे निघत होते.

मदतीला कलकत्त्याहून नंदलाल बोस, असितकुमार हलदार, समरेंद्रनाथ गुप्त आणि के. वेंकटप्पा आले, हैदराबादहून सय्यद अहमद आणि फजलुद्दीन. अंधारी लेणी, वर वटवाघळं, आणि ही मंडळी भिंतीवरची एकेक रेघ कागदावर उतरवत बसलेली.

1915 मध्ये लंडनच्या इंडिया सोसायटीने या प्रतिकृतींचं पुस्तक काढलं. याच नंदलालबाबूंनी पुढे शांतिनिकेतनच्या शिष्यांसह भारताच्या संविधानाची मूळ प्रत सजवली.

पुढच्या खेपेला 17 नंबरच्या लेण्यात जरा जास्त वेळ थांबा. फ्लॅश मात्र बंद!